उवा

नाना पेठेत हसन तांबोळींनी सायकल उलटी टांगली,
मागचं चाक हलकेच फिरवलं, कान लावला
आणि विचारलं, "किती पंक्चर?"
कुठे गेला होतात, काय पाहिलंत, काही नाही.
देश मोजायचं त्यांचं माप एकच.
"तीन," म्हटलं. "नऊशे किलोमीटरला तीन."
"मग रस्ते बरे असणार,"
आणि मडगार्डातली माती खरवडू लागले.

पांढुरकी, चुन्यासारखी माती. हवेली तालुक्यात अशी निघत नाही.

चढाची माती ती.
कात्रजचा घाट घ्या, त्याचे सात-आठ तुकडे करा,
प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर एक गाव ठेवा,
गावाच्या डोक्यावर चर्च,
आणि दिवसभर वर, खाली, पुन्हा वर.
दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या ओळी इतक्या सरळ,
की डोंगरांना समोर बसवून कुणी भांग पाडलेत.

तिसऱ्या दिवशी साखळी उतरली. तोडणी चालू होती.
टोपीवाला एक म्हातारा बांधावरून आला,
ओंजळभर घोस पुढे करून म्हणाला, "उवा!"

मी सायकल टाकून हसत सुटले.
एकसष्टाव्या वर्षी, परक्या मुलखात, ग्रीसने काळे हात,
आणि हा भला माणूस मला उवा देतोय, खायला.
त्याला वाटलं, बाईला ऊन लागलंय.
पाणीही दिलं.

माझ्याकडे त्याच्या भाषेतले शब्द चार.
त्यांत कसं सांगणार,
रविवारी सकाळी आई मला गुडघ्यांत आवळून बसायची,
सीताफळाच्या बियांची पूड, खोबरेल, लाकडी फणी,
नखावर नख, टच्.
सहा दिवस खडकीच्या कारखान्यात काडतुसं मोजणारे हात,
सातव्या दिवशी माझं डोकं.
भोंग्याच्या आत पोचायचं म्हणून
संगम पुलावर ती उभी राहून पेडल मारायची.
मागे कॅरिअरवर मी, तिच्या पदराचं टोक दातांत,
बोपोडीला मावशीकडे उतरेपर्यंत.
आजूबाजूला शेकडो सायकली,
आणि कुणी कुणाशी बोलत नसे.
याहून लांब ती गेली एकदाच,
देहूरोडला, कसलासा कागद पोचवायला.
परत आल्यावर म्हणाली, "रस्ता तिथून पुढेही होता गं."

घोस खाल्ला. साल जाड, बी मोठी, आत गूळ.
ताटातली नव्हेत, पिंपात जायची द्राक्षं.

मग डोंगर संपले. नदी लागली. पो.
नाव एका अक्षराचं, पात्र भीमेसारखं ऐसपैस,
आणि काठाने भात. खरंच, भात.
खाचरं, बगळे, चिखलाचा तोच वास.
दोन दिवस वारा तोंडावर.
चढाला निदान माथा असतो,
सपाटी नुसती पुढे सरकत राहते.
तिथे मागच्या चाकाच्या दोन तारा तुटल्या.

"हे कुणी बांधलं?"
हसनभाईंनी चाक थांबवलं होतं.
तारांवरून बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं.
"नदीकाठच्या एका गावात. नाव विचारायचं राहिलं."
"हात चांगला आहे. डावखुरा होता का?"

आठवून पाहिलं. अंधारी शेड, रेडिओ, मांजर,
आणि पाना.
हो. डाव्या हातात.

"पैसे किती घेतले?"
"घेतले नाहीत."
"मग या चाकाचे मी कसे घेऊ,"
म्हणाले, आणि ब्रेकच्या केबलचे साठ मात्र घेतले.
कागदावर साचलेली माती
फुंकर मारून गटाराकडे लावून दिली.
मी काही बोलले नाही.

लक्ष्मी रोडच्या सिग्नलला चहूबाजूंनी स्कूटर,
सायकल माझी एकटीची.
हिरवा व्हायच्या आतच मी पेडलवर उभी राहिले.
हेल्मेटखाली डोकं खाजत होतं.